कथलाचा थेंब

प्रिय खारुताई,

हे पत्र उद्या कुरिअरने तुझ्या कामावर पोचेल, पण ते घरी जाऊन, बसून वाच. कामावर डबा खाता खाता एका डोळ्याने वाचायचं हे पत्र नाही. तुझी सवय मला ठाऊक आहे, आधी शेवट वाचायचा आणि मग वर यायचं. या वेळी तसं करू नकोस, आईचं एवढं ऐक. सोमवारी तू सरांसमोर आणि त्या चार परीक्षकांसमोर उभी राहणार, पाच नंबरच्या डब्याचे चार महिन्यांचे आकडे मांडणार, आणि प्रयोगशाळेतलं तुझं टेबल तुला परत मिळतंय की नाही ते त्यावर ठरणार. त्याच्या आधी हे वाचून झालेलं असलं पाहिजे.

मी कामाच्या खोलीत बसून लिहितेय. भर दुपार आहे. दोन कवळ्यांचे साचे गरम पाण्यात टाकलेत, ते शिजायला तास-दीड तास लागेल, तेवढा वेळ माझा. काम फार राहिलेलं नाही, हे तुला फोनवर सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी नवं यंत्र घेतलंय. तोंडात एक दांडी फिरवली की पडद्यावर अख्खा जबडा दिसतो आणि यंत्र बाजूच्या खोलीत दात कोरून देतं. ज्यांचा यंत्रावर विश्वास नाही अशी चार म्हातारी माणसं तेवढी माझ्या वाट्याला उरलीत, आणि ती काही दर वर्षी वाढत नाहीत. डॉक्टर चांगला माणूस आहे, मला अजून बाई बाई करतो. पण परवा त्याने मला यंत्रातून निघालेली दाढ हातात दिली आणि विचारलं, बाई, काही चूक सापडते का बघा. मी चांगली दहा मिनिटं भिंग लावून बघितली. नाही सापडली. मग घरी येऊन उगाच भांडी घासत बसले.

तुझे डबे अजून खिडकीतल्या फळीवरच आहेत. आठही. तू ठेवून गेलीस त्याच क्रमाने, डावीकडून उजवीकडे. फळीच्या वर तुझा कागद चिकटवलेला आहे, त्याचे कोपरे आता पिवळे पडलेत. मंगळवारी आणि शुक्रवारी सुईने एकेक थेंब खाऊ. रोज सकाळी मीटरचा आकडा वहीत. ऊन आलं तर पडदा. आणि सगळ्यात खाली, लाल शाईत, दोनदा अधोरेखित: आई, कशालाही हात लावू नकोस, काहीही दुरुस्त करू नकोस. तो कागद मी रोज बघते. गेले दोन आठवडे तर डोळ्याला डोळा द्यायची हिंमत नसल्यासारखी बघते.

तुला आठवतं, पहिल्यांदा तू मला हे सगळं समजावलंस तेव्हा मी किती हसले होते? तळ्याच्या गाळात राहणारे जिवाणू, ते म्हणे व्हिनेगरचं मीठ खातात आणि खाता खाता काळ्या कार्बनच्या कापडावर वीज सोडतात. मी म्हटलं, खातात आणि वीज सोडतात, तुझ्या काकासारखे. तू चिडलीस. मग शांतपणे सांगितलंस की डबा बादलीएवढा असेल तर हे कुणालाही जमतं, खरी मेख तो शर्टाच्या बटणाएवढा करण्यात आहे. लहान केला की चहूबाजूंनी हवा आत झिरपते, आणि या पोरांना हवा सोसत नाही, ती गुदमरतात. तुमच्या तिथे सगळे पारदर्शक रबराचे डबे करायचे. तू एक माझ्या टेबलावर आणून ठेवलास आणि विचारलंस, याहून घट्ट काही आहे का तुझ्याकडे? माझ्याकडे काय असणार? कवळीचा गुलाबी लगदा. मी म्हटलं, हा तोंडात वीस वर्षं टिकतो, तुझ्या गाळात टिकायला काय हरकत आहे.

ते दोन महिने, खारे, माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. सांगितलं नसेल कधी, आता सांगते. तू मेणात नक्षी कोरायचीस, मी साचा भरायचे. तांदळाच्या दाण्याएवढी खोली, त्यात एक थेंब मावेल एवढीच जागा. तुझे सर म्हणाले होते म्हणे, या बटणांना हिरड्यांचा रंग का आहे? आणि मग त्यांनीच मोजलं, तर तुझ्या डब्यांचा आकडा तीसवरून एकशे दहावर गेला होता. तू धावत घरी आलीस आणि मला उचललंस, दारातच. माझी चप्पल पायातून पडली. वयाच्या बावन्नाव्या वर्षी कुणी तरी मला पहिल्यांदा उचललं होतं. ते एकशे दहा खरे होते, हे लक्षात ठेव. पुढे जे वाचशील ते वाचल्यावरही ते खरेच राहतील.

मग तुझ्या योजनेचं वर्ष संपलं, पुढचं कुणी मंजूर केलं नाही, आणि तुझं टेबल दुसऱ्याला गेलं. तू खोकं घेऊन आलीस आणि मागच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपलीस. चार महिने. त्या दिवसांबद्दल आपण कधीच बोललो नाही. तू उठून नोकरीला गेलीस तेव्हा आपण दोघींनी असं दाखवलं की जणू तुला ताप आला होता आणि उतरला. पण मी ते विसरलेले नाही. दोन चमचे भात खाल्लास की मी स्वयंपाकघरात जाऊन रडायचे, आनंदाने. तुझे केस मी विंचरायचे आणि तू विंचरू द्यायचीस, हेच मला भयंकर वाटायचं, कारण सात वर्षांची असल्यापासून तू मला केसांना हात लावू दिलेला नव्हतास. एकदा तू भिंतीशीच बोलल्यासारखी म्हणालीस, आई, माझ्यातच काही तरी गळतंय. मी नुसती विंचरत राहिले.

पुढे पाण्याच्या तपासणीची नोकरी लागली, तू त्या शहरात गेलीस, आणि डबे माझ्याकडे राहिले. एकेक करून ते विझत गेले, ते तुला माहीत आहे, मी आकडे कळवतच होते. हिवाळा संपेपर्यंत पाच नंबर तेवढा बरा होता, आणि तोही एकशे दहावरून चाळीसवर आलेला. फोनवर मी चाळीस म्हटलं की तू बरं म्हणायचीस. ते बरं मला ओळखीचं होतं. ते मागच्या खोलीतलं बरं होतं.

आणि मग एका सकाळी मी वहीत आकडा लिहायला गेले, तर मीटर शून्य. घाबरून भिंग लावलं. तुझी ती बारीक तार कापडापाशीच तुटली होती. बाकी सगळं जागच्या जागी. खारे, मी तीस वर्षं हेच करत आले. मोडलेली कवळी, तुटलेला हूक, सैल झालेली तार. माणूस तोंडावर रुमाल धरून येतो आणि संध्याकाळी हसत जातो. लाल शाई मी वाचली, खोटं कशाला बोलू, दोनदा वाचली. मग स्वतःला म्हटलं, एवढीशी तार तर आहे. जुन्या रेडिओतली एक तार घेतली, टोकाला कथलाचा छोटासा थेंब केला, छान गोल, मोत्यासारखा, तो कापडात दाबून बसवला आणि वरून गुलाबी लगद्याने बुजवून टाकलं. बाहेरून काही कळत नव्हतं. माझं काम होतं ते, कसं कळेल?

दुसऱ्या दिवशी मीटरवर तीनशे ऐंशी.

मी आधी मीटरच बदलून पाहिला. मग तुला फोन केला. तू किंचाळलीस ते आठवतंय ना? तू विचारलंस, आई, तू काही केलंस का? आणि मी म्हटलं, मी कशाला काय करू. ते माझं पहिलं खोटं. त्याला कारण मोठं नव्हतं. तू रागावशील एवढंच. तुझ्या आवाजात इतक्या महिन्यांनी जीव आला होता आणि त्यात तारेचं कुठे सांगत बसू, असं वाटलं. पुढच्या फोनला सांगेन म्हटलं. पुढच्या फोनपर्यंत तू चार पानं लिहून काढली होतीस, की जिवाणूंनी स्वतःला बदललं, उपासमारीतून तगलेले तेवढे उरले, आणि तेच जोमाने वाढले. मला त्यातलं अर्धंच कळलं. पण तू जेवतेस का विचारलं तर म्हणालीस, हो, दोनदा वाढून घेतलं. मग मी कशी सांगू?

मधे मला ताप आला आणि दोन शुक्रवार त्यांना खाऊ द्यायचं राहून गेलं, तेव्हाही आकडा हलला नाही. मी भीतभीत तुला सांगितलं. तुला तर आनंदच झाला. काटकसरी आहेत म्हणालीस, थोडक्यात भागवतात. मीही म्हटलं, आजोबांवर गेलेत. दोघी किती हसलो. सरांनी फोनवर तुला विचारलं की जिवाणू नसलेला डबा तपासून पाहिलास का, आणि तू सांगितलंस, हो, आठ नंबर, उकळलेल्या गाळाचा, तो पहिल्यापासून शून्यावर आहे. सरांचं समाधान झालं. पण आठ नंबरमध्ये माझा थेंब नव्हता गं. ते ना तुला माहीत, ना सरांना.

आता जे सांगणार आहे त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मला हे कळायला हवं होतं. तुला नाही, मला. एका तोंडात दोन धातू नकोत, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी शिकत होते तेव्हा एक शिक्षिका आल्या होत्या, वरच्या दाढेला सोन्याची टोपी, खालच्या दाढेत चांदीचं सारण. दात दातावर टेकला की त्यांना झिणझिण्या यायच्या. त्यांना वाटायचं आपल्याला वेड लागतंय. माझ्या गुरूंनी मला सांगितलं, बघ, लाळ आहे, दोन वेगळे धातू आहेत, झाली वीज तयार. आणि ती फुकट होत नाही, एक धातू झिजत जातो. हे मी स्वतः शंभर जणांना सांगितलंय. आणि माझ्याच हाताने मी तुझ्या डब्यात, खारट पाण्यात, कार्बनच्या कापडाला लागून कथलाचा थेंब बसवला आणि वर चार महिने त्याच्या आकड्यांवर पेढे वाटावेत तशी खूश होत राहिले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

दोन आठवड्यांपूर्वी पाच नंबर एकाएकी पडला. तुला मी सांगितलं नाही. वहीत जुनेच आकडे थोडे खालीवर करून लिहिले आणि तुला कळवले. चौथ्या दिवशी राहवलं नाही, मी तो उघडला. थेंब नव्हता. त्या जागी राखाडी भुकटी होती, आणि तार नुसतीच लोंबत होती. पण त्याहून वाईट म्हणजे वास नव्हता. जिवंत डबा उघडला की तळ्याच्या काठाचा वास येतो, हे तूच मला शिकवलंस, आणि कापडावर तांबूस बुळबुळीत साय असते. पाच नंबरचं कापड स्वच्छ होतं. धुतल्यासारखं. जिवाणू कधीचेच मेले होते, बहुतेक पहिल्याच आठवड्यात, माझ्याच थेंबाने. चार महिने तो डबा स्वतःची तार खात होता आणि आपण म्हणत होतो, काय भूक आहे पोरांना.

तरी मनाला वाटत होतं, चुकत असेन मी, मला काय कळतं. म्हणून एक नवीन रिकामा डबा घेतला. गाळ नाही, जिवाणू नाहीत, नुसतं उकळून गार केलेलं तुझंच खारट पाणी, कापड आणि कथलाचा थेंब. अर्ध्या तासात तीनशे सत्तर. तू असतीस तर म्हणाली असतीस, आई, शेवटी तू एक तरी प्रयोग नीट केलास.

तुला दुसरीतला फोटो आठवतो का? वर्गाच्या फोटोच्या आदल्या दिवशी तुझा पुढचा दात पडला आणि तू इतकी रडलीस की शेजारी विचारायला आले. मी इथेच, याच टेबलावर बसून तुझ्यासाठी एक इवलासा दात केला आणि सकाळी बसवून दिला. फोटोत तू काय हसलीयस. पण तू सगळ्यांना सांगत सुटलीस की तो एका रात्रीत उगवला. मला वाटलं, गंमत करतेय. संध्याकाळी मी तो काढायला गेले तेव्हा कळलं की तुला ते खरंच वाटत होतं. दात पडल्यावर रडली नव्हतीस एवढी तेव्हा रडलीस. पुढे तुझे ते दोन मोठे दात आले आणि तू खारुताई झालीस, आणि मी तो प्रसंग सगळ्यांना हसतहसत सांगत राहिले. त्यातून काही शिकले मात्र नाही.

आता उरलेलं. ते सगळ्यात वाईट, आणि त्यासाठीच हे पत्र. परवा, मंगळवारी, सगळं कळून चुकल्यावर, मी पाच नंबरमध्ये दुसरा थेंब बसवला. पहिला मी नकळत बसवला होता, दुसरा जाणूनबुजून. तू शनिवारी तो न्यायला येणार, त्याच्या पोटातलं विरजण लावून नवे शंभर डबे करणार, आणि येशील तेव्हा मीटरवर शून्य दिसलं तर तू सरळ मागच्या खोलीत जाशील, या एका भीतीने माझे हात चालले. आकडा चढला. मी तुला फोन करून चारशे सांगितले. आणि संध्याकाळी तू फोन करून म्हणालीस, आई, मी आजच नोकरीचा राजीनामा दिला, तुझा फोन आला आणि लगेच जाऊन देऊन आले. तू विचारलंस, खूश आहेस ना, तर मी हो म्हटलं. त्यानंतर तीनदा तुला फोन लावला, पण तुझा आवाज ऐकला की जेवलीस का एवढंच विचारून ठेवून देते, म्हणून लिहिते आहे. पाच नंबरवर तू लिहिलेल्या त्या पानांतलं एकही अक्षर सोमवारी दाखवू नकोस. सरांना हे पत्र दे हवं तर, माझ्या सहीनिशी, म्हणजे खोटं कुणी केलं ते त्यांना कळेल. राजीनामा परत मिळतो का, मला माहीत नाही. तू माझ्याशी बोलशील का, तेही माहीत नाही. बोलली नाहीस तरी चालेल, पण जेव. मागची खोली मी झाडून ठेवलीय, आणि ती झाडताना माझा जीव कसा झाला ते मी लिहू शकत नाही. पाच नंबर उघडून, थेंब काढून, कागदात गुंडाळून ठेवलाय. बाकीचे मेलेले आहेत असं आपण धरून चाललो होतो, पण आज सकाळी मी सगळ्यांना मीटर लावून पाहिला. तीन नंबर चार दाखवतोय. चारशे नाही, नुसते चार. चार म्हणजे काहीच नसतं, हे तूच सांगितलं होतंस. त्याला शुक्रवारचा खाऊचा थेंब देईन. त्याला मी कधी हात लावलेला नाही.

तुझीच,
आई